असळांदे

चष्मा कपाळावर सरकवायचा, जर्नलच्या पानावर अंगठा ठेवायचा आणि विचारायचं, "ही चूक खंयची?"

खंयची म्हणजे कुठली. आमच्या पेडण्यात अनोळखी माणसाचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "तू खंयचो?" गाव कळलं की मग वाडा, मग घर, मग आजोळ, आणि शेवटी कुठेतरी आपला एखादा नातेवाईक सापडतोच. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले मामा हाच प्रश्न चुकांना विचारत. त्यांच्या मते चुकीलाही गाव असतं, आणि सरळ विचारलं तर ती सांगते.

ते प्रयोगशाळेतले परिचर होते. सूक्ष्मदर्शकांची भिंगं पुसणं, स्लाइड मोजून घेणं, जर्नलं गोळा करून सरांच्या टेबलावर ठेवणं ही त्यांची कामं. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. आम्ही सगळे मामा म्हणत असू आणि सरही मामाच म्हणत. उंच, काळेसावळे, हरमलच्या रापणकरांच्या घरातले. लहानपणी समुद्रात जाळं ओढलेल्या हातांनी ते काचेच्या पातळ चकत्या उचलत, आणि चकती कधी फुटत नसे. आमच्या मात्र रोज फुटत.

प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांमध्ये फळमाश्या पाळलेल्या होत्या. त्यांना केळ्याचा लगदा घालायचं कामही मामांचंच. नवीन मुलांना ते सांगत, "बापायन मासळी धरली, आनी हांव माश्यो सांबाळतां. घराण्याचें नांव एका अक्षरान राखलां." मग स्वतःच हसत. दरवर्षी तोच विनोद, असं सीनियर मुलं म्हणायची. पण त्यातलं 'एका अक्षरान' हे किती मनापासून होतं, ते मला पुढे कळलं.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घर इब्रामपूरला. वडील सुर्ल्याला खाणीवर ट्रक भरायच्या कामाला, रविवारी घरी यायचे. ते फार बोलत नसत. पण मी विज्ञानाला नाव घातलं तेव्हा एकदा बोलले होते. "एक वर्ष वाया गेला तर दुसरा देव नाय देणार. मगे माझ्यावांगडा येवचा. मुकादमाक मी सांगान ठेवलंय." माझ्यावांगडा म्हणजे त्यांच्याबरोबर, खाणीवर. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटायची. बसमधून येताना लाल धुळीने माखलेले ट्रक दिसले की मी खिडकीतून नजर काढून घेत असे.

शाळा मराठीतून झालेली आणि इथे सगळं इंग्रजीतून. सर चांगले शिकवत, पण भरभर. मी उतरवून घ्यायचो आणि त्यातलं निम्मं मलाच वाचता यायचं नाही. प्रश्न विचारायला हात वर करावा असं पुष्कळदा वाटे. हात बाकापर्यंत यायचा आणि तिथेच राहायचा.

मामांचा आणि माझा खरा परिचय एका कांद्यामुळे झाला. कांद्याच्या मुळाचं टोक कापून त्यातल्या पेशी बघायचा प्रयोग होता. मुळाला इंग्रजीत 'रूट'. जर्नलं गोळा झाली तेव्हा मामा ती चाळत उभे होते, आणि एकाएकी त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

"हांगा कांद्याक पाखें आयलां," ते म्हणाले. पाखें म्हणजे छप्पर.

कोणीतरी 'रूट'चं 'रूफ' केलं होतं, आणि सहा जर्नलांत कांद्याला छप्पर होतं. मामांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण अक्षरं त्यांना दिसत. त्यांनी ती सहा जर्नलं लांब टेबलावर मांडली, मागेपुढे केली, पुन्हा मांडली. एक सातवं जर्नल आणून सगळ्यांच्या वर ठेवलं. त्या सातव्यात 'रूट' बरोबर होतं. पण त्या मुलीची टी खाली वळलेली, वरून वाकलेली, एफसारखी दिसणारी.

"ही आजी," मामा त्या जर्नलाकडे बोट करून म्हणाले. "हिचे टीचो एफ जालो ह्याच्या घरांत. मागीर हे दोन भुरगे. आनी हे तीन नातू. बघ, नातवांनी कांद्याचें चित्रय तशेंच वाकडें काडलां."

सहाही जण तिथेच उभे होते. सरांना मामांनी काहीच सांगितलं नाही. आम्हाला एवढंच म्हणाले, "बरोबर आसतें तर माका कळूंकच नासतें. बरोबर सगळ्यांचें सारकें. चुकीन घराणें दाखयलें."

त्याच आठवड्यात सरांनी गुणसूत्रं शिकवायला घेतली होती. एक पेशी दोन होताना आतला सगळा मजकूर उतरवला जातो आणि उतरवताना कधी चूक होते, असं काहीतरी ते सांगत होते. मला ते कळत नव्हतं. तास संपल्यावर मी फळ्यावरची आकृती उतरवून घेत रेंगाळलो. मामा फळा पुसायला आले, पण पुसेनात.

"कळ्ळें?"

मी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही अशी.

"अरे, तेंच तें. कांद्याचें पाखें. तुज्या आंगांत रातदीस जर्नल उतरून घेवप चालूं आसा. उतरोवपी बरो आसा, पूण केन्ना तरी टीचो एफ जाताच. म्हणून तूं बापायसारको आसा, पूण बापूय न्हय."

वीस वर्षं दाराशी उभं राहून ते तोच तास ऐकत आले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय मला कदाचित जमेल. एवढं हलकं वाटलं की बस चुकली तरी वाईट वाटलं नाही.

मग मी रोज तासानंतर थांबू लागलो. मामा भिंगं पुसत बोलत. त्यांच्या हाताशी दोन ढीग असत, एक शास्त्राचा आणि एक शब्दांचा, आणि बोलता बोलता ते एका ढिगातलं दुसऱ्यात ठेवून बघत. खुर्चीला ते कदेल म्हणत, आमच्याकडे सगळेच म्हणतात. "पुर्तुगेजाचें तें कदेयर. आमच्या तोंडांत येता येता एक अक्षर मोडलें. पूण बसपाक येता न्हय? मागीर तें मोडलें म्हणपाचें नाय." काही बदलांनी काहीच बिघडत नाही, हे सरांनी दोन तास घेऊन शिकवलं होतं. "आनी मीठ घाल सांगलें, तुवें पीठ आयकलें, तर? तेंय एकूच अक्षर. पूण हुमण गेलें." हुमण म्हणजे माशांची आमटी. काही बदलांनी सगळंच बिघडतं, हेही शिकून झालं.

मी एकदा धीर करून विचारलं, "मग मामा, भाषा आणि रक्त एकच काय?"

त्यांनी भिंग उजेडासमोर धरलं. "नाय रे. रगत एकदांच मेळटा, आवय-बापायकडसून. उतर सदांच मेळटा. शेजाऱ्याकडसून, दुकानांत, बशींत. रगत उसनें घेवंक येना. उतर येता." उतर म्हणजे शब्द. भिंग खाली ठेवून म्हणाले, "म्हणून उतरांचें घराणें सोदप कठीण. पूण चूक सांपडली जाल्यार सोंपें."

ते दिवस कसे होते ते तुम्हालाही माहीत आहे. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून भिंती रंगल्या होत्या. कधी बस बंद, कधी कॉलेज बंद. आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा दोन बाकं दोन बाजूंची झाली होती, आणि मधल्या बाकावर माझ्यासारखे, ज्यांना घरी काय बोलतात त्याचं नाव सांगता येत नव्हतं, ते. एकदा दोन्हीकडच्या मुलांनी मामांना घेरलं. "मामा, तुम्ही कोणाचे?"

मामा म्हणाले, "घरांत हांव कोंकणी. देवासमोर मराठी. आनी सकाळीं पोदेर आयलो की पाव मागतां, तो पुर्तुगेज. तोंड एकच आसा बाबानो. तें तरी वांटून घेवं नाकात."

पोदेर म्हणजे पाववाला. मुलं हसली. भांडण काही मिटलं नाही, पण त्या दिवसापुरतं खाली बसलं.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना मला अजून थोडं लाजल्यासारखं होतं.

सरांनी एक काम दिलं. प्रत्येकाने आपल्या घरून गावठी कडधान्याचे दाणे आणायचे, रंगाप्रमाणे वेगळे करून मोजायचे, आणि जर्नलात लिहायचं: दाण्यांचे प्रकार, संख्या, स्थानिक नाव, गाव. आमच्याकडे भात कापल्यावर कुणग्यात, म्हणजे शेताच्या लहान तुकड्यात, चवळीसारखं एक मोठ्या दाण्याचं कडधान्य होतं. आईने मला त्याची पुरचुंडी बांधून दिली.

मामांनी पुरचुंडी सोडून दाणे तळहातावर घेतले. "बरे आसात. कितें म्हणटात तुमी?"

"असळांदे."

चष्मा कपाळावर गेला. "परत म्हण."

"असळांदे," मी हळू म्हटलं. काहीतरी चुकलंय हे कळलं, काय ते कळलं नाही.

"तुजी आवय खंयची?"

"पलीकडची. गोव्याच्या हद्दीपलीकडची. तिचं माहेर डोंगराच्या बाजूला आहे."

मामा रसायनांच्या कपाटाकडे गेले. त्याचं दार उघडलं आणि आतल्या बाजूने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. दाराची सगळी आतली बाजू अशा शब्दांनी भरली होती. बारीक अक्षरं, शब्द आणि गाव, काही शब्दांमधून दुसऱ्या शब्दांकडे जाणाऱ्या रेघा, झाडाच्या फांद्यांसारख्या.

"सगळो गोंय अळसांदे म्हणटा," ते म्हणाले. "अ, ळ, सां. तुमगेर ळ आनी स यांनी जागो बदललो. सरांनी कितें सांगलें काल? गुणसूत्राचो कुडको मोडटा, उरफाटो जाता आनी परत चिकटटा. तेंच हें."

त्यांना केवढा आनंद झाला होता. आणि मला केवढी लाज वाटली. एवढी वर्षं मी घरी, शाळेत, दुकानात चुकीचा शब्द बोलत होतो आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन आईलाही सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. जर्नलात मात्र तो शब्द आधीच शाईने लिहून झाला होता. इंग्रजी अक्षरांत, 'असळांदे' असाच. खोडला तर पान घाण दिसेल म्हणून राहू दिला.

माझ्या बाकावर संदेश बसायचा. म्हापशाचा, हुशार, मोत्यासारखं अक्षर. वाईट मुलगा नव्हता. शनिवारी तो म्हणाला, "तुझं जर्नल दे रे रविवारपुरतं, मला नुसतं मांडणी बघायची आहे." त्याने माझं काही मागावं याचंच मला अप्रूप वाटलं. दिलं. सोमवारी त्याने स्वतःचं जर्नल सरांना दिलं. माझं मला मंगळवारी परत मिळालं, तेव्हा मी ते दिलं.

गुरुवारी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर दोन जर्नलं उघडी होती. तांबूस दाणे एकाहत्तर, फिकट तेवीस, ठिपक्यांचे अठरा. दोन्हीकडे. स्थानिक नावाखाली दोन्हीकडे तोच शब्द, आणि दोन्हीकडे सरांनी त्याच्याभोवती लाल गोल केला होता.

"दोन घरांतले दाणे एकाच संख्येने आले," सर म्हणाले. "कोणी कोणाचं उतरवलं?"

संदेश खाली बघत होता. मी बोलायला तोंड उघडलं. मला वाक्य जुळवता येईना. इंग्रजीत की मराठीत, इथूनच सुरुवात. मी नुसतं "नाही सर" म्हणालो. ते उत्तर कुठल्या प्रश्नाचं, ते मलाही सांगता आलं नसतं.

सरांनी तारखा पाहिल्या. संदेशचं सोमवारी आलेलं, स्वच्छ. माझं मंगळवारी, शाई सांडलेलं. "तुमची टर्म मी मंजूर करणार नाही," ते मला म्हणाले. "सोमवारी पालकांना घेऊन या."

टर्म नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे सुर्ला.

बाहेर आल्यावर मामा व्हरांड्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मी म्हणालो, "मामा, त्या चुकीच्या शब्दाने घात केला. लाल गोल त्यालाच केलाय."

मामांनी एवढंच विचारलं, "सोमवारी कोण येतलो? बापूय?"

"त्यांना रजा मिळत नाही. आई येईल."

"बरें," मामा म्हणाले, आणि आत निघून गेले. मला वाटलं, त्यांनाही माझं खरं वाटत नाही.

सोमवारी आई आली. ती कधी कॉलेजात आली नव्हती. लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसली होती आणि बसमध्ये पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होती. मी तिला सगळं समजावलं. आणि मग मी जे केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी म्हणालो, "आई, सर विचारतील. तिथं असळांदे म्हणू नको. ते चुकीचं आहे. अळसांदे म्हण. म्हणून बघ."

"अळ… सांदे."

"परत म्हण."

बस धारगळच्या चढावर घरघरत होती आणि माझी आई खिडकीकडे तोंड करून, ओठ न हलवल्यासारखं करत, तो शब्द पाठ करत होती. मला वाटत होतं, आपण शहाणपणाचं काम करतोय.

सर प्रयोगशाळेतच बसले होते. संदेश आधीच उभा होता, एकटा. आई दारातच थांबली. मामांनी पुढे होऊन खुर्ची ओढली. "कदेलार बस गे बाय."

आई टोकावर बसली. "मास्तरानु," ती म्हणाली, "माझो झील चोरी करूचो नाय." झील म्हणजे मुलगा.

सर मवाळ झाले असावेत, पण म्हणाले, "आई, पुरावा समोर आहे."

तेव्हा मामा म्हणाले, "सर, तुमची परवानगी असेल तर मी एक विचारू?" सरांशी ते मराठीत बोलत. सरांनी मान हलवली. मामांनी कपाटातून काचेची बरणी काढली. माझीच पुरचुंडी त्यात ओतलेली होती. त्यांनी मूठभर दाणे संदेशसमोर धरले.

"बाबा, तुज्या घरा ह्यांकां कितें म्हणटात?"

संदेश लगेच म्हणाला, "अळसांदे."

सरांनी वर पाहिलं. मामांनी काही समजावलं नाही. ते आईकडे गेले आणि तेच दाणे तिच्या ओच्यात घातले. "आनी तुमगेर, बाय?"

मला एकदम सगळं दिसलं. मामा काय करत होते, लाल गोलात काय होतं, आणि बसमध्ये मी काय करून बसलो होतो. मी आईकडे बघून मान हलवू लागलो. तिला वाटलं, मी तिला पाठ केलेलं आठवायला सांगतोय.

"अळ…" ती म्हणाली.

प्रयोगशाळेत बाटल्यांमधल्या माश्यांशिवाय काही हलत नव्हतं.

आईने ओच्यातले दाणे बोटांनी पसरले. एक ठिपक्याचा दाणा उचलला, नखाने टोकरून बघितला, आणि तिचा चेहरा बदलला. "ह्ये आमचेच! खालच्या कुणग्यातले!" मग सरांकडे वळून म्हणाली, "मास्तरानु, झिलान बसात काय ता चांगला नाव शिकवलेल्यान, पण मी इसारलंय बघा. माका काय जमूचा नाय ता. आमी आपले असळांदेच म्हणतव. माझी आवस पण असळांदेच म्हणी."

सरांनी दोन्ही जर्नलं जवळ ओढली. लाल गोल बघितले. त्यांच्याच विषयातली गोष्ट त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसली होती, आणि ती त्यांना आता दिसली.

"सर," मामा हळू म्हणाले, "दोघांनी बरोबर लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. चूक या बाईच्या चुलीवरची आहे. म्हापशाला ती आपण होऊन जायची नाही. कोणीतरी नेली."

संदेश रडू लागला. "मी सांगणार होतो सर," म्हणाला. मला ते खरं वाटलं. त्याचाही हात बाकापर्यंत येऊन थांबला असेल.

आईला यातलं काय कळलं कोण जाणे. ती उठली आणि ओच्यातले दाणे परत बरणीत घालताना संदेशला म्हणाली, "रडा नको रे बाबा. तुका होये तर घेवन जा. पण शिजवच्या आधी रातभर भिजत घाल हां, नायतर दडस रवतत." सर हसले. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझी टर्म मंजूर झाली. संदेशला घरचे दाणे आणून सगळं नव्याने मोजावं लागलं. आणि जर्नल उसनं दिल्याबद्दल मला सरांनी वेगळं झापलं, ते बरोबरच होतं.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "ता नाव परत एकदा सांग बघू. पाठ करतंय."

"नको," मी म्हणालो. खूप दिवसांनी मला मोठा श्वास घेता आला. वाटेत ट्रक दिसले. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं. त्यातल्या कुठल्यातरी ट्रकमधलं खनिज माझ्या वडिलांनी भरलेलं असेल, हे मला तेव्हा सुचलं. ते आधी का सुचलं नव्हतं, याचंच नवल वाटलं.

पुढची गंमत सांगायला हवी. संदेशने माझं नाव 'असळांदो' ठेवलं. प्रेमाने. ते वर्गात पसरलं, आणि वर्ष संपता संपता वर्गातली निम्मी मुलं, दोन्ही बाकांवरची, त्या दाण्यांनाही असळांदेच म्हणू लागली. मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"बघ, चूक रुजली," म्हणाले. "आतां ती चूक उरली नाय."

गोवा राज्य झालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामा निवृत्त झाले. निरोपाला समोसे, चहा आणि शाल होती. दोन शब्द बोला असा आग्रह झाला तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "कितें उलोवं? इतकीं वर्सां आयकत रावलों." आणि बसले. जाताना त्यांनी सगळी भिंगं एकदा पुसली. माझ्याशी वेगळं असं काही बोलले नाहीत. मीही नाही. माझं असं नेहमीच होतं.

हरमलचा एक मुलगा सांगत होता की त्यांच्या पुतण्याने घराच्या दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने दिल्या आहेत, आणि मामा ओसरीवर बसून त्यांना विचारतात, "तू खंयचो?" पाहुण्यांना कळत नाही. पण एक बाई म्हणे आता तसंच हेल काढून त्यांनाच उलट विचारते, आणि त्यात एक अक्षर खाते. मामांनी ते नक्कीच कुठेतरी लिहून ठेवलं असेल.

मी शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा देऊन परवा प्रयोगशाळेतून बाहेर पडत होतो. मामांच्या जागी आता एक तरुण परिचर आहे. कामसू आहे. मी त्याला विचारून रसायनांचं कपाट उघडलं. शब्द होते तिथेच होते, पेन्सिल थोडी पुसट झालेली. 'अळसांदे' या शब्दातून एक बारीक फांदी खाली येत होती, तिच्या टोकाला माझ्या आईचा शब्द, आणि पुढे मामांच्या अक्षरात: इब्रामपूर, आवय पलतडची. पलतडची म्हणजे पलीकडची.

पण तो शब्द कोणीतरी दुरुस्त केला होता. निळ्या पेन्सिलीने स आणि ळां या अक्षरांवर उलटसुलट बाण काढून, वर शुद्ध रूप लिहिलेलं होतं. कोणीतरी चांगल्या मनानेच केलं असणार. मीही एके दिवशी तेच केलं असतं. आईच्या बाबतीत केलंच होतं.

माझ्या कंपासपेटीत खोडरबर होतं. मी निळे बाण पुसले, वरचं शुद्ध रूप पुसलं. घाईत मामांची अक्षरंही थोडी पुसली गेली, म्हणून माझी पेन्सिल काढली आणि ती पुन्हा गिरवली. आधी अ. मग स. मग ळ, त्याच्या चुकीच्या, म्हणजे आमच्या जागी.

मग कपाट लावलं आणि बस पकडायला निघालो.